ब तुकडीचे नरेशभाऊ

तीन आठवडे झाले. कॉलेजच्या ग्रुपवर 'नरेश सर गेले, अटॅक आला' असा निरोप आला, तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर उभी होते. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही दोन हात पाठवले... आणि माझी मलाच लाज वाटली.

आम्ही एकाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. अ तुकडी अनुदानित, ती माझी, पगार सरकारचा. ब तुकडी विनाअनुदानित, ती भाऊंची. पोरांच्या जास्तीच्या फीमधून जमेल तसा त्यांचा पगार निघायचा. पुस्तक तेच, फळा तोच. पावसाळ्यात रस्ता तुटला की भामरागडची पोरं प्रवेशाला उशिरा पोचायची, तोवर अ तुकडी भरलेली असायची, मग त्यांच्या वाट्याला ब. करांचा धडा भाऊ झकास शिकवत. घरून साबणाचा रिकामा कागद आणायला सांगत आणि म्हणत, "हा तुमचा दाखला. साबण घेतला म्हणजे कर भरला. तुमच्या मायनं भरला, कलेक्टरनंही भरला. मंग तुमचीच फी जास्त काऊन?" पोरं हसत. दाराबाहेर उभी राहून मीही हसायचे.

एकदा ब तुकडीला अनुदान मागणारा अर्ज घेऊन ते माझ्याकडे आले. "बाई, अनुदानवाल्या एका तरी मास्तरची सही पायजे. नाईतं म्हणतीन, सोतासाठीच रडून राह्यले." भाऊ नोकरीत माझ्याहून जुने; ब ला अनुदान मिळून पदांची फेरमांडणी झाली तर मीच अतिरिक्त ठरेन, कुठल्या कुठे फेकली जाईन, या भीतीनं मी म्हटलं, "बघते, भाऊ." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. डब्यातली भाजी मात्र रोज पुढे सरकवायचे, आणि ते जास्त टोचायचं. अर्ज तसाच गेला, तसाच परत आला. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. मला सुपात बसून धड हसताही आलं नाही.

शोकसभेनंतर प्राचार्यांनी विचारलं, ब तुकडीचे तास कोण घेईल? मी हात वर केला. आता स्टाफरूममध्ये डबा उघडवत नाही, फार एकटं वाटतं. भाऊ हजेरी तासाच्या शेवटी घेत, कारण जंगलाकडच्या गावांची जीप कधीच वेळेवर येत नाही. तीच सवय मी धरली आहे. परवा हजेरी संपली. शिक्षकाच्या सहीच्या रकान्यात ओळीनं भाऊंच्या सह्या होत्या. त्यांच्याखाली मी माझी केली. एवढंच तर मागितलं होतं त्यांनी...