पोळ्याचं मुसकं

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या गावात पोळ्याची मिरवणूक बंद होती. ज्यानं त्यानं आपली बैलजोडी मारुतीला दाखवून न्यायची, एवढंच ठरलं. पारासमोर लांब लांब चुन्याचे गोल आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मास्क म्हटलं की कुणी मनावर घेईना, म्हणून पोलीस पाटलांनी देवळाच्या भोंग्यावरून आपल्या भाषेत सांगितलं, "मुसकं बांधल्याबिगर कुणी यायचं न्हाई."

पण पोळ्याला आमच्याकडं काहीही बोला, ते बैलाबद्दलच ऐकू येतं.

पहिला माझा चुलता आला. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड आणि तोंडाला औतावर बांधतात ती दोरीची मुसकी. चुलता मात्र उघड्या तोंडाचा. मागनं अख्खं गाव तसंच. मी वैतागून आखलेल्या गोलांत बैल शहाण्यासारखे उभे राहिले आणि माणसं पाराला दाटली. हसून हसून मी चुन्याच्या पाटीवरच बसले.

"मुसकं माणसाला सांगितलं हुतं," पाटील चुलत्यावर ओरडले.

"मंग तसं सांगायचं. सणाला बैलाचं तोंड बांधायलोत म्हणून बायकू सकाळधरनं तुमाला शिव्या द्यायलीय."

पाटील भोंग्याकडं गेले.

"बैलाची सोडा," ते म्हणाले. "मालकाला बांधा."