बुचाच्या रानातला हाका

लझहरचा आवाज असा होता, की ऐन द्राहम गावाच्या वरच्या डोंगरावरून त्याने आरोळी ठोकली तर खाली ओढ्यावरच्या बायका धुणं थांबवून वर बघत. त्या आवाजावरच त्याचे हिवाळे निघत. रानडुकरांच्या शिकारीचा मोसम लागून समुद्रापलीकडचे बंदूकवाले आले, की ओरडून रान उठवायच्या हाक्याचं पहिलं बोलावणं त्याला. डुकराचं मांस त्याच्या घरात कुणी शिवतही नसे. पण उभा मका एका रात्रीत नांगरून टाकणाऱ्या त्या जनावरावर राग काढायला मिळे, आणि वर मजुरीही.

त्या रविवारी हाकाऱ्यांच्या रांगेत त्याच्या डाव्या हाताला हमादी होता, त्याच्या बहिणीचा नवरा. पन्नाशीचा, काटकुळा, जिभेचा तिखट.

"आज जरा हळू ओरड रे. मागच्या खेपेला डुकरं राहिली बाजूला, माझेच कान फुटले."

"दाजी, तुम्ही नुसता डबा वाजवा. तेवढं जमलं तरी पुष्कळ."

रांग खाली दबा धरलेल्या बंदूकवाल्यांकडे निघाली. डबे, काठ्या, कुत्री, आरोळ्या. बाटलीची बुचं ज्यांच्या सालीपासून करतात त्या झाडांखाली घळीत झुडपं इतकी दाट, की माणसाला वाकूनच चालावं लागे. लझहरला डुक्कर दिसलंच नाही. दाजींचा डबा मध्येच थांबला, एवढंच कळलं. काटे फोडत तो पोचला तेव्हा हमादी उताणा पडला होता. सुळ्याने मांडी गुडघ्यापासून वर फाडली होती आणि रक्त उसळ्या मारत होतं.

लझहरने डोक्याचं मुंडासं सोडून मांडीला आवळलं, काठीचा तुकडा घालून पीळ दिला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. मग तो ओरडला.

"धावा! माणूस पडलाय! धावा रे!"

दोन्हीकडून तसल्याच आरोळ्या आल्या. सगळेच ओरडत होते, सगळेच पुढे चालले होते. तो घसा फाटेस्तोवर ओरडला. पलीकडून रांगेतला बेल्गासेम खुशीत ओरडला, "शाबास लझहर! असंच!" आणि रांग लांब निघून गेली.

उचलून न्यावं तर पीळ सुटत होता. त्या काळी कुणाच्या खिशात फोन नसे. जीप होती ती खाली, बंदुकांच्या मागे. आणि बंदुका तर झुडूप हललं की सुटत होत्या.

"दाजी, मी जीप आणतो. हा पीळ धरून ठेवा."

"नको." हमादीने त्याची बाही पकडली. "जाऊ नकोस. मला एकट्याला मरायचं नाही."

"मग काय, दोघं इथंच बसू?"

"बस."

लझहरला ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो धावत सुटला तेव्हा हमादी मागून त्याला आईवरून शिव्या घालत होता. शिवी ऐकू येते तोवर माणूस जिवंत आहे, एवढ्या आधारावर तो पळाला. मग शिव्या ऐकू येईनाशा झाल्या.

उताराच्या टोकाशी त्याने सदरा काढला, काठीला बांधला आणि ताठ उभा राहून झुडपांतून बाहेर पडला. गोळी शेजारच्या झाडाला लागली, बुचाच्या सालीची ढलपी उडून गालात घुसली. तो आडवा झाला नाही. "माणूस! माणूस आहे!" त्याच्या त्या नावाजलेल्या गळ्यातून आता नुसती खरखर निघत होती.

शिकारीचा मुकादम सी नाजी शिव्या देत धावत आला. "मरायचंय का तुला, गाढवा?"

"मला नंतर मारा. आधी जीप द्या."

ते वर पोचले तेव्हा हमादीचे ओठ निळे पडले होते, पण मूठ पिळाच्या काठीवर घट्ट होती. घोंगडीत घालून चौघांनी त्याला खाली आणलं.

दवाखान्यात पाय मांडीतून कापावा लागला. लझहरची बहीण मन्नूबिया खाटेशी बसून होती. तिने एकदाच विचारलं, "तू यांना टाकून गेलास?"

"गेलो."

ती वळून नवऱ्याचं पांघरूण सारखं करू लागली.

काही दिवसांनी हमादीने डोळे उघडले. समोर लझहर दिसला.

"मेलं का ते?"

"कोण, दाजी?"

"डुक्कर रे."

डुक्कर बंदुकांच्या मधून निसटून गेलं होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"मेलं," लझहर म्हणाला.

"मोठं होतं?"

"गाढवाएवढं."

हमादीच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं काहीतरी उमटलं. मग त्याच पायाचा गुडघा खाजवायला त्याचा हात पांघरुणाखाली सरकला. मन्नूबियाने दोन्ही हातांनी त्याचं मनगट गच्च धरलं.