तणमोरणीचं वावर आणि संत्र्याची कलमं

ट्रॅक्टर नांगर लावून वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. शेजारच्या बैलगाडीत संत्र्याची कलमं होती. मी अँटेना हातात तशीच धरून धावले.

दर्यापूर तालुक्यातलं गाव. पडीत वावर गुलाबरावांचं. त्याच्या गवतात आमची तणमोरीण अंड्यांवर बसली होती आणि गावात हे फक्त मला माहीत होतं.

तणमोर म्हणजे कोरड्या गवताळ माळावरचा, कोंबडीएवढा, लांब पायांचा पक्षी. माळ संपत आले तसा तोही संपत आला. म्हणून आमच्या केंद्रात अंडी इन्क्युबेटरमध्ये उबवतात, पिल्लं वाढवतात आणि मोठी झाली की गवतात सोडतात. ही त्यातलीच. मी पशुवैद्य. तिला पहिला नाकतोडा मीच चिमट्याने भरवलेला. पाठीवर ट्रान्समीटर, म्हणजे ती कुठे आहे ते कळवणारं छोटं यंत्र; त्याचा सिग्नल माझी अँटेना पकडते. पण आई कधी न पाहिलेल्या पक्ष्याला पिल्लं सांभाळता येतील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाही आलं, तर आमचं केंद्र म्हणजे नुसतं महागडं पोल्ट्री फार्म. ती अंड्यांवर बसली त्या दिवशी मी जीपमध्ये एकटीच गाणी म्हणत परत आले होते.

केंद्राच्या प्रमुख सरांचा हुकूम होता, "घरट्याचं कुणाला सांगू नका. बघ्यांची गर्दी झाली तर ती अंडी टाकून जाईल." त्यामुळे मी रोज धुऱ्यावर अँटेना फिरवायची आणि कुणी विचारलं की "सरकारी काम" म्हणायची.

"गुलाबराव, हे काय चाललंय?"

"कलमं लावून राहिलो, मॅडम."

"या खारपाणपट्ट्यात? विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. संत्रा जगेल का?"

"त्याले जगाले कोन सांगते? मोजणीपर्यंत उभा राहिला म्हनजे झालं."

"कसली मोजणी?"

"आता काहून लपवता? रोज मशीन फिरवता, सांगत काही नाही. सारं गाव म्हन्ते, हायवे इथूनच जाते. पडीताले कोन विचारते? रस्त्यात जमीन गेली तं भाव फळबागेले भेटते."

माझ्या तोंडाला कुलूप, म्हणून गावाने आपला हायवे आखून घेतला होता. मला हसू आवरेना. सरांना फोन लावला.

"सर, सांगावं लागेल."

"पण नियम..."

"सर, नांगर धुऱ्यावर आहे."

"मग सांगा की लवकर."

मी सगळं सांगितलं. दुर्बीण आधी गुलाबरावांनी घेतली, मग त्यांच्या बायकोने, विमलताईंनी.

"म्हनजे रस्ता नाही?" गुलाबरावांचा चेहरा पडला.

विमलताई दुर्बीण सोडेनात. "पहिलटकरीन हाय?"

"हो. आणि हिला आई नाही. मशीनमध्ये जन्मली."

"मंग माहेर आपलंच," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ट्रॅक्टर मांगं घ्या. भिऊन जाईन ते."

ट्रॅक्टर मागे गेला. त्या दिवसापासून गुरंही दुसरीकडे चरू लागली. विमलताई रोज सकाळी लांबून बघून जायच्या आणि "खाते का काही?" असं मलाच दरडावून विचारायच्या.

एका सकाळी सिग्नल हलला. दुर्बीण लावली. तणमोरीण गवताच्या कडेने चालत होती आणि मागे पिल्लं होती, मातीच्याच रंगाची. तिने एक नाकतोडा पकडला, चोचीत चेचला आणि पिल्लासमोर धरला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी ढसाढसा रडले. विमलताईंनी पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "रडता काहून? नातवंडं झाली तुमाले."

रिपोर्टात मी शिफारस लिहिली : घरट्याची माहिती सर्वांत आधी वावराच्या मालकाला द्यावी. न दिल्यास तो हायवेची तयारी करतो.

सरांनी दुसरं वाक्य तेवढं खोडलं.