आमच्या घरातला वेल्सचा सण

ताई नर्स होऊन वेल्सला गेली तेव्हा वेल्स कुठं आहे हे आमच्या सौंदड गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. इंग्लंडला लागूनच आहे, असं तिनं सांगितलं आणि आम्ही विचारणाऱ्याला सरळ इंग्लंड सांगून मोकळे व्हायचो. त्या वर्षी ती दिवाळीला आली नाही. मार्चच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी मात्र तिचा फोन आला, की आज इकडे सण आहे. त्यांच्या संताचा दिवस. लोक छातीवर पिवळं फूल लावतात, नाहीतर पातीच्या कांद्यासारखी एक भाजी असते ती लावतात. वॉर्डात लहान मुली उंच काळ्या टोप्या घालून गाणी म्हणायला आल्या होत्या. आपण खोलीत एकटीच पाव खात बसलो आहोत, हेही तिनं हसत सांगितलं. ते हसणं आईला अजिबात आवडलं नाही.

"पोरगी सनाच्या दिवशी पाव खाऊन राहिली," फोन ठेवल्यावर आई म्हणाली. "पुढच्या सालापासून तिचा सन आपुन इथं करू."

मी हसलो. बाबा गेल्यापासून आमच्याकडे दिवाळीला धड करंज्या होत नव्हत्या, आणि ही बाई वेल्सचा सण करायला निघाली होती. पण आईच्या डोक्यात एकदा काही बसलं की बसलं. तिनं ताईला फोनवर खोदून खोदून विचारलं. संत काय खायचा, तर म्हणे नुसता भाजीपाला आणि पाणी. आणि सणाला लोक काय खातात, तर मटणाचा रस्सा. "म्हंजे संतानं पानी प्यावं अन् भक्तानं मटन खावं," आई म्हणाली, "आपल्यावानीच हायेत ते."

तर पुढच्या वर्षापासून एक मार्चला आमच्या चुलीवर बटाटे आणि पातीचा कांदा घातलेला, तिखटाचा कण नसलेला मटणाचा रस्सा शिजू लागला. असा रस्सा आमच्या भागात आजारी माणसालासुद्धा कुणी देत नाही. मी गुपचूप ठेच्याची वाटी मांडीआड घेऊन बसायचो. त्याशिवाय मैदा, लोणी, साखर, मनुका आणि जायफळ घालून मळलेल्या गोड चकत्या. आई त्या वाटीनं कापून तव्यावर मंद जाळावर भाजायची आणि त्यांना खुशाल पानगे म्हणायची. ताईनं पोस्टानं कापडाचं पिवळं फूल पाठवलं होतं, ते आईच्या पदराला. मला पातीचा कांदा. नोकरीसाठी मी गोंदियाला गेलो, लग्न करून तिथंच जवळ कुडव्यात राहू लागलो, तरी एक मार्चला बायकोला घेऊन सौंदडची गाडी पकडायचोच. बायकोच्या केसांत आई पळसाचं फूल खोचायची, कारण पिवळं नाही तर नाही, त्या दिवसांत रानभर तेच फुललेलं असतं.

संध्याकाळी ताईचा फोन यायचा. खरा सण तोच. आई तिला पहिल्यापासून सगळं सांगायची, पानगे किती फुगले, कोण किती जेवलं, मी ठेचा कसा लपवला. ताई नुसती ऐकत राहायची. शेवटी म्हणायची, "आई, पोट भरलं माझं."

असं बरीच वर्षं चाललं. मग एका वर्षी एक मार्चला फोन दुपारीच आला. आई तव्यापाशी होती, हात पिठानं भरलेले, म्हणून तो मी घेतला. ताईची एक मैत्रीण बोलत होती. ताई ड्यूटीवरच कोसळली होती, छातीत दुखण्याचं निमित्त झालं आणि सगळं संपलं होतं. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. तव्यावरचे पानगे करपल्याचा वास आला, आणि आईनं ते उलटले नाहीत. तिला माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं.

ताईला तिकडेच अग्नी दिला. आम्हाला जाता आलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं, तर त्या घरात तो सण बंद होतो. पुढे कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं, नाहीतर गोठ्यात गाय व्याली, की तो सुटतो, पुन्हा सुरू होतो. पुढच्या फेब्रुवारीत आईचा फोन आला, "पयल्या तारखेले येऊ नोको. सन बंद हाये."

मी चिडलोच. "अवं, तो काय आपला सन हाये?"

"मंग कोनाचा हाये?" ती म्हणाली.

खरं सांगतो, तो बिनतिखटाचा रस्सा मला हवा होता. त्या एका दिवशी ताई आमच्या घरात असायची. आईनं तोही दिवस बंद केला, याचा मला राग यायचा. माझी मुलगी फेब्रुवारीतच जन्मली, तेव्हा आनंदाच्या भरातही मनात आलं, थोडे दिवस थांबली असती तर. मग एका वर्षी आईच्या गाईचे दिवस नेमके त्या सुमारास भरत आले. मी सुटी टाकून सौंदडला जाऊन बसलो. आईला म्हणालो, तुला एकटीला जमणार नाही.

एक मार्चला सकाळी, ऊन अंगणात येता येता, गाय व्याली. पाय धरून वासरू ओढलं ते मी आणि आईनंच. आईनं त्याचं नाक पुसलं, गाय त्याला चाटू लागली, आणि मी हात धुऊन तडक स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. मैदा घेतला, मनुका घेतल्या. रस्त्यात एका बाईकडून पातीच्या कांद्याची जुडी घेतली. मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

परत आलो तर शेजारची काकू गोठ्यापाशी उभी होती.

"आज याली का वं गाय?" तिनं आईला विचारलं. "मंग तं तुमचा सन सुटला."

आई गाईपुढे पेंढी टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

"काल याली," ती म्हणाली.

काकू माझ्याकडे बघू लागली. मी हातातली जुडी खाली घेतली आणि म्हणालो, "होय, काल."

काकू गेल्यावर मी आईला विचारलं, "आई, काऊन असं सांगतलं?"

वासराला उभं राहता येत नव्हतं, ती त्याला आचळापाशी धरून होती. मग म्हणाली, "सन सुरू झाला, तं सांजेले फोनची वाट पाहा लागन, बाबू."

मैदा मी आत नेऊन डब्यात ओतला. पातीच्या कांद्याची आईनं दुपारी भाजी केली, चांगली तिखट, आणि आम्ही दोघं जेवलो. रात्री कुडव्याला पोचलो तेव्हा मुलीनं दारातच विचारलं, वासरू कधी झालं.

काल, मी म्हणालो.