आहेराच्या चार साड्या

वालूरच्या उद्धव सरांना गणिताचं वेड होतंच, पण लेकीच्या लग्नात ते पार उधळलं. सरांच्या चारी बहिणींनी भावजयीला आहेरात एकेक साडी आणली होती. परतीच्या आहेराला घरात कोऱ्या साड्या त्याच चार. जिची तिलाच गेली, तर वर्षभर बोलणी.

"चार साड्या चौघींत वाटायच्या रीती चोवीस, ते फॅक्टोरियल," सर बायकोला, विमलला, सांगत होते. "त्यातल्या नऊ रीतींत कुणालाच सोताची साडी मिळत न्हाई. त्या नऊला सबफॅक्टोरियल म्हणतेत. लय गोड चीज हाय."

"आवो, मांडववाला मांडव सोडायलाय," विमल म्हणाली.

सरांनी त्या नऊ रीतींतली एक निवडली. विमलनं कुंकू लावून तशा साड्या दिल्या. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही, तसे सर हवेतच चालायला लागले.

पाणी प्यायला ते मांडवामागं गेले, तर चौघी बहिणी साड्यांची अदलाबदल करत होत्या. भावजयीसाठी आहेर विकत घेताना प्रत्येकीनं आपल्याच आवडीची साडी घेतली होती. बघता बघता जिची तिच्या पिशवीत गेली.

रागवायचं सोडून सर विमलकडं पळत सुटले.

"विमल, चोवीसात अशी एकच रीत हाय. तीच काढली त्यांनी."