आमचं घाबरट स्क्वाड

मोबाईलमध्ये फोटो कसे न सांगता साठत जातात आणि एक दिवस तो 'स्टोरेज फुल' म्हणून बोंबलतो, तसं आमच्या किश्श्यांचं झालंय. कोणी ऐकायला बसलं की थोडे रिकामे करायचे, एवढाच उपाय!

आम्ही तिघं. माझं वाशीमला कोर्टाच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान. शेजारच्या गाळ्यात इरफान मोबाईल दुरुस्त करतो. तिसरा गजानन, जवळच्या अनसिंग गावचा. वांगी, मेथी लावतो आणि सकाळी बाजारात माल टाकला की आमच्याकडे येऊन बसतो. तिघंही पस्तिशीच्या पुढचे, बायकापोरांचे. आणि तिघंही मोबाईलवर गोळीबाराचा गेम खेळतो. लाज वाटायला पाहिजे, कबूल! पण खेळताना भीतीच एवढी वाटते की लाजेला जागाच उरत नाही.

*

गजाननचा हीरो साडेसहा फुटी. बैलासारखी मान, पाठीवर दोन मशीनगन, कमरेला बॉम्बची माळ. हा महापुरुष गेम सुरू झाला की पहिलं घर दिसेल त्याच्या संडासात शिरतो आणि आतून कडी लावतो!

"अबे बाहेर ये, मले मारून राह्यले तिकडं!" मी ओरडतो.

"मी इथूनच कव्हर देऊन राह्यलो ना!"

एकदा शत्रूनं संडासाचं दार उडवलं. गजाननानं काय करावं? गोळी झाडायची सोडून मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि वर दोन्ही हात दाबून बसला.

"हे काय करून राह्यला?"

तो कुजबुजला, "आता मी त्याले दिसतच नाई!"

*

इरफानला बंदुकीच्या आवाजानं धडकी भरते. त्यामुळे तो गेममध्ये फक्त तवा घेऊन फिरतो. हो, त्या गेममध्ये तवाही हत्यार आहे! समोरचे दुर्बीण लावलेल्या रायफली घेऊन येतात आणि आमचा हा पठ्ठ्या तवा उगारून झाडामागं उभा.

मी वैतागून म्हटलं, "एवढ्या भारी भारी गना पडल्या हायेत, तवा कायले घेतं?"

"भाऊ, बंदूक मी जिंदगीत पाह्यली नाई. पन अम्मीच्या हातात तवा पाह्यला की अब्बा अजूनही मागच्या दारानं निघून जाते!"

*

आता माझी फजिती. भरदुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कानात हेडफोन घालून मी एका पडक्या किल्ल्यात लपलो होतो. मागून पावलं वाजत होती. छाती अशी धडधडत होती की स्क्रीनवरचा अंगठा हलेना. तेवढ्यात कोणीतरी खांद्यावर हात ठेवला.

मी खुर्चीसकट आडवा झालो आणि किंचाळलो, "मारू नका! मी काईच केलं नाई! माह्याजवळ काईच सापडनार नाई!"

काउंटरपलीकडे आमचे नेहमीचे वकीलसाहेब उभे. हातातला कागद त्यांनी शांतपणे पुढे केला.

"दोन प्रती काढ. आन् हे वाक्य पाठ करून ठेव, माह्या अशिलाले असं जमत नाई!"

*

गेममधल्या खलनायकाची गोष्ट वेगळीच. शेवटच्या लेव्हलला विहिरीतून एक राक्षस वर येतो. लाल डोळे, छातीवर खवले, हातात पेटलेली कुऱ्हाड. गजानन घरी ओट्यावर बसून त्याच्याशी लढत होता. घामानं बनियन ओलं, तोंड पांढरं पडलेलं. त्याची बायको ज्योती चहा घेऊन आली. नवऱ्याची दशा बघून घाबरली आणि मोबाईलमध्ये डोकावली.

"हा कोन?"

"जगाचा विनाश कराले आला हा!" गजाननचा आवाज कापत होता.

ज्योतीवहिनीनं राक्षसाला नीट न्याहाळलं.

"डोये आलेत त्याचे. आन् अंगावर हे खवडं उठलं. दवाखान्यात न्याचं सोडून तुमी त्याले मारून राह्यले?"

*

शिरपूरला लग्नाला निघालो होतो, एसटीनं. गजानन खिडकीत, कानात हेडफोन. मी शेजारी पेंगलेलो. एकाएकी तो उभा राहून ओरडला, "मागून येऊन राह्यले! चौघं हायेत! सगळ्यायजवळ गना हायेत! गाडी थांबवू नका, थांबले तं मेले!"

अख्खी बस सीटखाली! कोणी देवाचं नाव घेतंय, कोणी गळ्यातली पोत तोंडात लपवतंय. कंडक्टर तिकिटांच्या मशीनसकट दाराशी बसकण मारून बसलेला. ड्रायव्हरनं मागं न बघता पाय दाबला तो दाबलाच. एक थांबा गेला, दुसरा गेला.

मी गजाननच्या कानातली वायर उपटली तेव्हा त्याला कळलं. मग ड्रायव्हरला कळलं. मग जे आम्हाला ऐकावं लागलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

सगळं शांत झाल्यावर मागच्या सीटखालून एक म्हातारी बाहेर आली. पदर झटकत म्हणाली, "बाबू, माह्यं गाव गेलं मांगं. आता तुह्या त्या चौघायलेच सांग मले सोडून द्याले!"

*

वांग्यात वानरं फार येत. गजाननानं गेममधला गोळीबार रेकॉर्ड करून शेतातल्या भोंग्यावर लावला. वानरं पळाली. पण बाजूच्या शेतातले तुकारामकाका कपाशीत पालथे पडले ते उठेचनात. आम्ही हाक मारत गेलो.

"काका, उठा. गेम हाये तो."

काकांनी मान वर केली नाही. "सरेंडर केलं म्हनून सांग त्यायले. सातबारा लागला तं घरी हाये!"

*

आणि हा गेल्या हिवाळ्यातला. भरीत-भाकर खायला मी आणि इरफान गजाननच्या शेतात गेलो होतो. दुपारची वेळ. ज्योतीवहिनी मेथी खुडत होती. गजानन पाठीवर पंप बांधून वांग्यावर फवारत होता. कुत्र्यांनी शेजारच्या तुरीतून एक रानडुक्कर उठवलं आणि ते सरळ मेथीच्या वाफ्यात आलं. हे एवढं! बाहेर आलेले सुळे, तोंडाला फेस. अशाच एकानं त्या आठवड्यात गावातल्या एकाची मांडी फाडली होती.

मी आणि इरफान बांधावरच्या कडुनिंबावर कसे चढलो, ते अजून आठवत नाही. वहिनी मात्र जागेवरच खिळली होती. ओठ पांढरे, हातातली जुडीसुद्धा सुटली नव्हती. डुक्कर तिच्याकडे तोंड करून माती उकरत होतं.

"वहिनी, पया!" असं ओरडायचं होतं, पण मी आणखी एक फांदी वर सरकलो.

तेवढ्यात गजानन धावत आला आणि वहिनी आणि डुकराच्या मध्ये उभा राहिला. त्याचे पाय लटलट कापत होते, झाडावरून दिसत होते. त्यानं फवारणीची नळी खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि तोंडानं सुरू केलं, "ठो! ठो! ठोठोठोठो! धाड! धाड! ठोठोठो..."

डुक्कर सुटलं. सरळ त्याच्या अंगावर. मी डोळे मिटले, पुन्हा उघडले. आणि नेमका तेव्हाच गजाननचा दम संपला. तोंडातून नुसती हवा यायला लागली. त्यानं डावा हात पुढे केला आणि धापा टाकत ओरडला, "थांब! रिलोड करून राह्यलो!"

आणि ते थांबलं!

गजाननानं कमरेवर हात ठेवून पोटभर श्वास घेतला. कपाळावरचा घाम पुसला. नळी पुन्हा खांद्याला लावली.

तेव्हा कुठं ते डुक्कर वळलं आणि तुरीत निघून गेलं.