छावणीत आलेली लस
उसाच्या वाढ्यांचा वास आला की मला दुष्काळातली कडा गावाजवळची चारा छावणी आठवते. दूध सोसायटीनं ती माळावर उघडली होती आणि माझे सासू-सासरे दोन गायी घेऊन तिथंच ताडपत्रीखाली राहत होते. एका सकाळी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा दवाखान्याची सिस्टर म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लूची लस घेऊन आली होती. “दर साली घ्यावी लागते,” ती सांगत होती. सासरे म्हणाले, “कावून? मागल्या साली मी घेतली तर दोन दिस अंगात कणकण होती. हिलाबी तवाच नको म्हनलं.” सासूबाई शेणाचे हात धुऊन पुढं आल्या. “तुमचं ऐकलं अन् मी थंडीत महिनाभर खाट धरली. जीव जायचा राहिला. आता पडले तर ह्या मुक्या जनावरांना कोण बघंल? टोच गं बाई.” त्यांनी बाही वर सारली. मग टोपी सारखी करून सासरेही बायकोच्या मागं येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा दंड लई दुखत होता, म्हणून गायींच्या धारा सासऱ्यांनीच काढल्या. यंदा मला साठी लागली, आणि मीही कुणाला न विचारता दवाखान्यात जाऊन लस टोचून आले.